कुपीच्या तळाशी



व्याख्यानमालेच्या चालकांनी माझ्यासारख्या युनियनवाल्याला बोलावले, तेव्हा मी कामगार कायद्यांवर नाहीतर एखाद्या संपाच्या इतिहासावर बोलेन अशी त्यांची अपेक्षा असावी. मी विषय कळवला तो जुन्या जर्मन पोर्सेलीनच्या अत्तरकुप्यांचा. चिटणीसांनी उलट विचारणा केली की पत्रांची काही अदलाबदल तर झाली नाही ना! अदलाबदल झालेली नव्हती. माझे शिक्षण रात्रशाळेपर्यंतचे, पुढचे सारे वाचनालयातले. तेव्हा पंडिती विवेचनाची अपेक्षा आपण ठेवू नये. पण ज्या वस्तूविषयी बोलणार आहे ती गेली दहा वर्षे माझ्या टेबलावर उभी आहे, आणि तिने मला बरेच शिकवले आहे.

एका शुक्रवारी पहाटे मुंबईच्या चोरबाजारात ती मला सापडली. जेमतेम चार बोटे उंचीची एक बाई. घेरदार झालरीचा झगा, गालांवर गुलाबी ठिपका, हात कमरेवर. डोक्याच्या मागे भोक. मी ती मीठदाणी समजलो. ज्या वृद्ध संग्राहक गृहस्थांना पुढे दाखवली ते हसले. म्हणाले, "ही अत्तराची कुपी. हिच्या डोक्यावर पत्र्याचा इवलासा मुकुट असतो, त्याच्या खाली बूच. तुमचा मुकुट हरवला आहे, म्हणून किंमत निम्मी." आणि मग त्यांनी जी गोष्ट केली ती कोणताही संग्राहक प्रथम करतो. त्यांनी बाईला उलटी केली आणि तिचा तळ वाचला.

तळावर दोन गोष्टी होत्या. मातीत कोरलेला चार आकडी क्रमांक, आणि रोमन लिपीत 'जर्मनी' हा एक शब्द. कारखान्याचे नाव नाही. संग्राहकांची सगळी विद्या या एवढ्याशा जागेत राहते. क्रमांक हा साच्याचा. थुरिंगियातल्या फोल्कश्टेटच्या शेफर आणि फाटर या १८९० साली निघालेल्या कारखान्याच्या मालावर मुकुट घातलेला तारा सापडतो. ओस्लाऊच्या गोबेल कारखान्याच्या जुन्या मालावर मुकुटाखाली आद्याक्षरे असतात. पण पुष्कळ कुप्यांवर एक देशाचे नाव तेवढे असते, आणि ते नाव तेथे का आले ही एका कायद्याची कथा आहे.

१८८७ साली ब्रिटिश पार्लमेंटने मालावरील खुणांचा कायदा केला. परदेशी मालावर इंग्रजी वाटेल असे नाव वा चिन्ह असेल तर तो माल कोठे झाला तेही त्यावर लिहिले पाहिजे, असा त्याचा आशय. जर्मन माल स्वस्त म्हणून खपतो, त्याच्या कपाळावर डाग दिला की गिऱ्हाईक दूर पळेल, हा हेतू. झाले उलटेच. गिऱ्हाईक तो शब्द पाहून माल घेऊ लागले! पुढे अमेरिकेने १८९० साली मॅकिन्लीचा जकात कायदा केला आणि मार्च १८९१ पासून आयात मालावर मूळ देशाचे नाव इंग्रजीत घालणे सक्तीचे झाले. म्हणून संग्राहक सांगतात की ज्या कुपीवर देशाचे नाव आहे ती बहुधा १८९१ नंतरची. जपानी मालावर त्याच काळात 'निप्पॉन' आले, ते १९२१ पर्यंत. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेच्या ताब्यातील प्रदेशाचा शिक्का आला, आणि १९४९ नंतर पश्चिम जर्मनी व पूर्व जर्मनी असे दोन. अर्धे शतक युरोपने काय भोगले ते अंगठ्याएवढ्या तळावर असे लिहिले गेले आहे.

यातली एक हकीगत मला विशेष विचारात पाडते. ओस्लाऊ हे गाव कोबुर्गच्या मुलखात, आणि बाहुल्यांचे सोनेबर्ग त्याच्या शेजारी, थुरिंगियात. माणसे तीच, धंदा तोच, मातीही तीच. १९१९च्या नोव्हेंबरात कोबुर्गच्या लोकांनी कौल दिला की आम्हाला थुरिंगियात जायचे नाही; १९२० साली ते बव्हेरियात सामील झाले. पंचवीस-तीस वर्षांनी ती साधी प्रांतसीमा दोन जगांची सीमा झाली. एका गावातला रंगारी पश्चिमेत राहिला, काही मैलांवरचा त्याचा भाऊबंद पूर्वेत. मत देताना यातले कोणाच्या स्वप्नातही नसेल.

आता हा माल आला कोठून ते पाहू. युरोपात पांढरेशुभ्र पोर्सेलीन प्रथम बनले ते कैदेत, हे पुष्कळांना ठाऊक नसते. योहान फ्रीडरिख बॉटगर हा औषधांच्या दुकानातला उमेदवार पोरगा. आपण हलक्या धातूचे सोने करू शकतो अशी बढाई त्याने मारली आणि सॅक्सनीचा इलेक्टर आणि पोलंडचा राजा ऑगस्टस याने १७०१ साली त्याला धरून पहाऱ्यात ठेवले. सोने काही झाले नाही. चिर्नहाउस नावाच्या विद्वानाच्या देखरेखीखाली प्रयोग करता करता १७०८च्या सुमारास चिनी धर्तीच्या पोर्सेलीनचे मर्म त्याच्या हाती लागले. १७१० साली माइसेनच्या किल्ल्यात कारखाना निघाला. किल्ल्यात, म्हणजे गुपित बाहेर फुटू नये म्हणून. बॉटगरला मोकळीक मिळाली १७१४ साली, आणि १७१९ साली सदतिसाव्या वर्षी तो मेला. ज्या राजासाठी हे सारे चालले होते त्याचे वेड केवढे म्हणाल, तर १७१७ साली त्याने प्रशियाच्या राजाला ६०० घोडेस्वार सैनिक दिले आणि बदल्यात १५१ चिनी भांडी घेतली. सैनिकांना कोणी विचारले नसणार.

त्या माइसेनमध्ये अठराव्या शतकात केंडलर या थोर मूर्तिकाराच्या काळात माणसांच्या व प्राण्यांच्या आकाराच्या सुगंधकुप्या होऊ लागल्या. त्या दरबारी स्त्रियांच्या खिशात असत. १७६०च्या आसपास थुरिंगियात माखेलाइड वगैरे मंडळींनी स्वतंत्रपणे ती विद्या साधली, आणि लाकूड मुबलक, मजुरी कमी, अशा त्या अरण्यप्रदेशात कारखाने पसरले. राजाच्या कपाटातली वस्तू शे-दीडशे वर्षांत दुकानातल्या मुलीच्या आरशापुढे येऊन उभी राहिली. मुकुटाच्या कुप्यांची खरी भरभराट १९१० ते १९४० या काळातली. विदूषक, कुत्री, डच पोषाखातली पोरे, आखूड केसांच्या तरुणी, असले शेकडो प्रकार. कलेच्या दृष्टीने त्यांतल्या कित्येक अगदी बाळबोध आहेत, हे संग्राहकांचा रोष पत्करून सांगतो. पण चेहरे पाहावेत. अर्ध्या सुपारीएवढ्या तोंडावर भिवई, डोळा, ओठ, सगळे एकेका फटकाऱ्यात!

तो फटकारा कसा येतो? चिनी माती, फेल्डस्पार आणि गारगोटीची पूड ही मिसळून बासुंदीसारखी दाट करतात आणि प्लॅस्टरच्या दुभागी साच्यात ओततात. प्लॅस्टर पाणी शोषून घेते, कडेने मातीची साय धरते, मधली जास्तीची माती ओतून देतात. म्हणून कुपी आतून पोकळ. साचा उघडला की दोन भागांच्या सांध्याची रेघ अंगावर राहते. वाळल्यावर ती रेघ घासून काढतात. मग एक भाजणी, मग झिलईत बुडवून सुमारे १,४०० अंशांची दुसरी भाजणी, मग रंग आणि पुन्हा कमी आचेची भट्टी. भट्टीत वस्तू सुमारे सहाव्या हिश्शाने आटते. यावरून संग्राहक नक्कल ओळखतात : जुन्या कुपीवरूनच कोणी नवा साचा घेतला, तर नवी कुपी मूळच्यापेक्षा लहान उतरते. मापाची पट्टी घेऊन बसलेले हे लोक मला आवडतात. लबाडी पकडण्याचे इतके साधे हत्यार आमच्या चळवळीलाही सापडते तर!

परंतु 'घासून काढतात' हे दोन शब्द मी सहज बोलून गेलो. तेथे मला थांबले पाहिजे.

एका चिनी मातीच्या कारखान्यात मी नऊ वर्षे संघटनेचे काम केले. नाव सांगत नाही. घासणीच्या खात्यात सगळ्यांचे केस आणि भिवया पांढऱ्या. नवीन माणसाला वाटे की सारे म्हातारेच भरले आहेत. त्यांतला एक आमचा सभासद एकेचाळिसाव्या वर्षी गेला. जिना चढताना तो दर चार पायऱ्यांना थांबे. कागदावर क्षय लिहिले होते. क्षयाची औषधे त्याने दोनदा पुरी केली होती. गारगोटीची बारीक धूळ फुप्फुसात बसते आणि फुप्फुस दगडासारखे होते, त्याला सिलिकोसिस म्हणतात. १९४८च्या कारखाने कायद्याने तो कळवण्याचा रोग ठरवला होता, आणि १९२३च्या नुकसानभरपाई कायद्याच्या परिशिष्टातही त्याचे नाव होते. पण क्षय म्हटले की भरपाई नाही. त्याच्या बायकोला घेऊन मी किती उंबरे झिजवले ते सांगत बसत नाही.

त्या धडपडीत मी वाचू लागलो, आणि वाचताना पुन्हा जर्मनीला पोचलो. १९२५ साली तेथे धंद्यांतल्या रोगांना प्रथम अपघाताच्या विम्यात घेतले. यादीत शिसे होते, आणि पोर्सेलीनवरच्या रंगांत शिसे असे. ११ फेब्रुवारी १९२९च्या दुसऱ्या फर्मानात धुळीचा हा फुप्फुसरोग आला. ज्या धंद्यांची नावे त्यात घातली त्यांत खाणी होत्या, वालुकाश्माचे काम होते, धातूची घासणी होती आणि पोर्सेलीनचे कारखाने होते. म्हणजे माझी झालरीची बाई ज्या काळात बाजारात आली, त्याच काळात तिच्या अंगावरची रेघ घासणाऱ्याच्या खोकल्याला सरकारने नाव दिले. तेही आपोआप नव्हे. पोर्सेलीन कामगारांची जुनी संघटना होती, तिचे मुखपत्र होते. त्याचे नाव 'मुंगी'. मला ते नाव फार आवडते.

जे कारखान्यात होत नसे ते घरी होई. त्या डोंगरी मुलखात बाहुल्या आणि खेळणी घरोघर रंगवली, शिवली जात. आई, आजी, पोरे, सगळी एका दिव्याभोवती. १९०६ साली बर्लिनमध्ये घरकामाचे एक प्रदर्शन भरले. वस्तू सुंदर मांडल्या होत्या आणि प्रत्येकीजवळ चिठ्ठी होती : ही करायला किती वेळ लागतो, तिचे काय मिळते, ताशी मजुरी किती पडते. खुद्द कैसरची राणी ते पाहून गेली. त्याच वर्षी लंडनला त्याच धर्तीचे प्रदर्शन झाले आणि त्यातून उठलेल्या ओरड्याने १९०९चा किमान वेतनमंडळांचा कायदा आला. जर्मनीत घरकामाचा कायदा १९११ साली झाला. जगातली कितीतरी वस्तुसंग्रहालये मी पुस्तकांतून पाहिली. असली चिठ्ठी पुन्हा कोठे दिसली नाही. आमच्या पुण्यात दिनकर केळकरांनी दिवे, अडकित्ते, कुलपे गोळा केली. सामान्य माणसाच्या हातातली वस्तू जपण्याजोगी आहे हे त्यांनी मराठी माणसाला पटवले. ती चिठ्ठी मात्र तेथेही नाही, आणि याचा दोष केळकरांकडे जात नाही. ते शोधायला निघाले तोवर चिठ्ठी लिहिणारे कोणी उरले नव्हते.

महायुद्धानंतरची वर्षे या कुप्यांच्या खपाची, तशीच कामगारांच्या हालाची. आठ तासांचा दिवस १९१८च्या नोव्हेंबरात मिळाला. १९२३च्या नोव्हेंबरात एका डॉलरला ४.२ लाख कोटी मार्क पडू लागले. सकाळची मजुरी संध्याकाळी पावाला पुरेना. डॉलरवाल्या गिऱ्हाइकाला मात्र जर्मन माल मातीमोल. त्याच डिसेंबरात सरकारने आठ तासांच्या दिवसाला इतक्या सवलती ठेवल्या की तो नावाचाच उरला. मधल्या टंचाईत माइसेनच्या कारखान्याने चक्क मातीची नाणी पाडली होती. तीही आज संग्राहकांकडे आहेत. आणि २ मे १९३३ रोजी नाझींनी कामगार संघटनांच्या कचेऱ्या ताब्यात घेतल्या. त्यानंतर आल्लाख नावाचा एक पोर्सेलीन कारखाना हिमलरच्या संघटनेच्या मालकीचा झाला आणि दाखाऊ छळछावणीतले कैदी त्यात राबवले गेले. त्या मूर्तींना बाजारात मोठी किंमत येते असे मला त्या वृद्ध गृहस्थांनी सांगितले. "मी घेत नाही," एवढे बोलून त्यांनी कपाट लावले.

त्यांनीच शेवटी मला माझ्या कुपीतली तिसरी गोष्ट दाखवली. मी ती डाग समजत होतो. कोरलेल्या क्रमांकाशेजारी, झिलईवर, तपकिरी रंगात ब्रशाने काढलेला '४१' हा आकडा. भिंगातून पाहिले तर एकाची शेपटी ओढली गेली आहे, घाईत. "ही रंगाऱ्याची खूण," ते म्हणाले. नग मोजताना आणि खराब माल परत करताना कोणाचा कोणता ते कळावे म्हणून कारखान्यात अशी खूण घालत. किंमत ठरवताना तिचा उपयोग नाही, म्हणून बहुतेक याद्यांत ती लिहीत नाहीत. मी माझ्या वहीत लिहिली आहे : उंची चार बोटे, साचा अमुक, शिक्का जर्मनी, मुकुट नाही, रंगारी ४१. बहुधा रंगारीण. बुचाचा एक तुकडा अजून मानेत अडकला आहे, आणि पावसाळ्यात हवा दमट झाली की त्याला थोडा वास येतो.