यूजर काढून टाकताना

परवा शनिवारी पुण्याला घरी गेलो होतो. बॅग ठेवतोय न ठेवतोय तोच आईने फोन पुढे केला. "हा बघ रे, सारखा जागा संपली म्हणतोय. फोटोसुद्धा निघत नाही." घरात एक सॉफ्टवेअरवाला असला की त्याचं स्वागत असंच होतं, मीटर बघायला आलेल्या माणसासारखं. चहा मागाहून.

स्टोरेज उघडून पाहिलं तर बरीचशी जागा 'इतर यूजर' या नावाखाली गेलेली. आणि मग आठवलं. तीन वर्षांपूर्वी बाबांचा फोन बादलीत पडला, तेव्हा मीच आईच्या फोनवर त्यांच्यासाठी दुसरं प्रोफाईल उघडून दिलं होतं. नवा फोन घेईपर्यंत तात्पुरती सोय. नवा फोन घ्यायचा राहूनच गेला. बाबांना जाऊन आता दीड वर्ष होईल. प्रोफाईल मात्र तिथेच होतं, छोट्या गोल चित्रासकट.

"मग काढून टाक की ते," आई भाजी निवडता निवडता म्हणाली. जरा जास्तच सहज म्हणाली.

काम चार टिचक्यांचं. सेटिंग्ज, सिस्टिम, यूजर, नाव, डिलीट. मी 'डिलीट'पर्यंत पोचलो आणि थांबलो. भावनेच्या भरात थांबलो असं म्हटलं तर बरं दिसेल, पण खरं कारण वेगळंच आहे. याआधी एकदा एक यूजर काढून टाकताना माझे हात चांगलेच पोळलेत. ती गोष्ट सांगायची तर थोडं मागे जावं लागेल. शनिवार आहे, वेळ आहे, चला.

कॉम्प्युटरवरचा 'यूजर' जन्माला आला तो टंचाईतून. १९६१ च्या नोव्हेंबरात एमआयटीत फर्नांडो कॉर्बातो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सीटीएसएस नावाची प्रणाली करून दाखवली. आयबीएमचं ७०९ हे एकच अवाढव्य मशीन, त्यावर एकाच वेळी अनेक जण कामाला, आणि प्रत्येकाला वाटतंय की मशीन आपलंच आहे. चाळीतल्या सार्वजनिक नळासारखा प्रकार. नळ एक, पण ज्याची त्याची पाळी आणि ज्याची त्याची बादली. दुसऱ्याच्या बादलीत कुणी हात घालू नये म्हणून पुढे पासवर्ड आला. आणि पासवर्ड आला की चोरी आलीच! १९६२ मध्ये ॲलन शेर या तिथल्याच संशोधकाला ठरवून दिलेला वेळ पुरेना, म्हणून त्याने पासवर्डांची अख्खी फाइल प्रिंटरवर छापून घेतली आणि दुसऱ्यांच्या नावावर काम केलं. कबुली दिली ती थेट पंचवीस वर्षांनी.

थोडक्यात, यूजर कसा तयार करायचा यावर लोकांनी पहिल्यापासून डोकं चालवलं. पण यूजर गेला की काय करायचं?

या प्रश्नाचं पहिलं ठळक उत्तर युनिक्समध्ये दिसतं. १९६९ मध्ये केन थॉम्प्सन आणि डेनिस रिची यांनी बेल लॅब्जमध्ये सुरू केलेली ही प्रणाली. युनिक्समध्ये फायलीवर मालकाचं नाव नसतं, नुसता नंबर असतो. कुठला नंबर कुणाचा, ही यादी वेगळ्या फायलीत. सातबाऱ्यावर नावाऐवजी खाते क्रमांक लिहावा आणि नावांचं रजिस्टर तलाठ्याच्या कपाटात असावं, तसं. आता रजिस्टरमधून नाव खोडलं तर जमिनीचं काय होतं? काहीच नाही. जमीन तिथेच, क्रमांक तोच, फक्त तो क्रमांक कुणाचा हे सांगणारं कोणी नाही. बेवारस फायली. आणि पुढेमागे तोच नंबर नव्या माणसाला दिला, तर त्या सगळ्या फायली बिनबोभाट त्याच्या!

आता माझी गोष्ट. २००५ साल, पहिली नोकरी. टीममधला एक सीनियर सोडून गेला आणि त्याचं लिनक्स सर्व्हरवरचं अकाउंट काढायचं काम माझ्याकडे आलं. यूजर काढायची कमांड असते 'यूजरडेल'. तिला 'आर' हा पर्याय जोडला की त्याचं घर, म्हणजे होम फोल्डरही जातं. मी उत्साहाने जोडला. स्वच्छता! सोमवारी सकाळी क्लायंटकडे जाणारा रिपोर्ट गेलाच नाही. रोज रात्री तो रिपोर्ट तयार करणारी स्क्रिप्ट त्या भल्या माणसाच्या होम फोल्डरमध्ये होती, हे कुणालाच माहीत नव्हतं. बॅकअपच्या टेपवरून ती परत मिळवण्यात दोन दिवस गेले.

बरं, एवढ्यावर थांबलं असतं तर ठीक. 'आर' लावला तरी होम फोल्डरबाहेरच्या फायली जात नाहीत, त्या स्वतः शोधाव्या लागतात. मी शोधल्या नाहीत. वर शहाणपणा करून तोच रिकामा नंबर एका नव्या मुलीला दिला. महिन्याभराने ती बिचारी विचारायला आली, "सर, शेअर्ड ड्राइव्हवर माझ्या नावाने अप्रेझलचे कागद कसे काय आहेत?" म्हणजे एकाच झटक्यात जे ठेवायचं ते मी उडवलं होतं आणि जे उडवायचं ते ठेवलं होतं. नोकरी कशी राहिली कोण जाणे.

तेव्हापासून एक गोष्ट डोक्यात पक्की बसली. यूजर काढणं म्हणजे तीन वेगळी कामं असतात: नाव काढणं, अधिकार काढणं आणि वस्तूंची विल्हेवाट लावणं. पहिली दोन सोपी, तिसरं खरं.

हे तिसरं काम घराघरांत पोचवलं विंडोज एक्सपीने, २००१ मध्ये. आठवतंय का? अकाउंट डिलीट करताना ते विचारायचं, फायली ठेवू की काढू? 'ठेव' म्हटलं तर त्या माणसाच्या डेस्कटॉप आणि माय डॉक्युमेंट्समधल्या वस्तू त्याच्या नावाच्या फोल्डरमध्ये घालून तुमच्या डेस्कटॉपवर आणून ठेवायचं. ईमेल आणि सेटिंग्ज मात्र वाचत नसत, आणि तेही आधीच बजावलेलं असे. सभ्य माणसासारखा प्रश्न होता तो. मी तर म्हणेन, सामान्य माणसाला इतक्या सरळपणे हा प्रश्न विचारणारी दुसरी सोय मी पाहिलेली नाही.

मग आले स्मार्टफोन. २००८ मध्ये बाजारात आलेला अँड्रॉइड आतून लिनक्सच, पण त्याने एक गंमत केली. फोन एकाच माणसाचा, मग युनिक्सच्या त्या यूजर नंबरांचं करायचं काय? त्याने ते ॲप्सना वाटून टाकले. प्रत्येक ॲप हा एक स्वतंत्र 'यूजर', १०,००० पासून पुढचा नंबर. म्हणून एक ॲप दुसऱ्याच्या फायलीत डोकावू शकत नाही. पुढे २०१२ मध्ये अँड्रॉइड ४.२ ने टॅब्लेटवर आणि २०१४ मध्ये अँड्रॉइड ५ ने फोनवर खरीखुरी माणसं परत आणली. आता नंबर कसे द्यायचे? युक्ती साधी. माणसाचा नंबर गुणिले एक लाख, अधिक ॲपचा नंबर. फोनचा मालक म्हणजे ०, आणि पुढची माणसं १० पासून. म्हणजे आईच्या प्रोफाईलमध्ये जे ॲप १०,०८५ असेल, तेच बाबांच्या प्रोफाईलमध्ये १०,१०,०८५. ॲप एकच, पण बिऱ्हाडं दोन.

राहिला वस्तूंचा प्रश्न. 'डिलीट' म्हटल्यावर खरंच जातं का? २००३ मध्ये सिम्सन गारफिंकल आणि अभी शेलाट या दोघांनी जुन्या बाजारातून घेतलेल्या १५८ हार्ड डिस्कचा अभ्यास प्रसिद्ध केला. वाचता आलेल्या १२९ पैकी नीट पुसलेल्या होत्या फक्त १२. बाकीच्यांत लोकांची पत्रं, क्रेडिट कार्डांचे नंबर, काय वाट्टेल ते. डिलीट म्हणजे बहुतेक वेळा अनुक्रमणिकेतून नाव खोडणं, पानं तशीच. फोनमधल्या फ्लॅश मेमरीत तर अडचण आणखी वाढते, कारण जुन्या जागेवर नेमकं परत लिहिता येईल याची खात्रीच नसते.

यावरचा उपाय म्हणजे पुसत न बसता किल्ली मोडणं. सगळं आधीच कुलूपबंद, म्हणजे एन्क्रिप्ट करून ठेवायचं, आणि नको झालं की किल्ली नष्ट करायची. २०१६ च्या अँड्रॉइड ७ मध्ये प्रत्येक प्रोफाईलसाठी वेगळ्या किल्ल्यांची सोय आली, आणि अँड्रॉइड १० पासून नव्या फोनांना ती सक्तीची झाली. प्रोफाईल काढलं की फायली जातात आणि किल्ल्याही जातात. मागे काही बाइट उरले तरी ते कुणाच्याच कामाचे नाहीत. चोराच्या नाहीत, आणि तुमच्याही.

म्हणजे बघा, युनिक्सने वस्तू मागे सोडल्या, एक्सपीने विचारलं, आणि अँड्रॉइडने एक इशारा देऊन किल्ली मोडली. सुरक्षिततेच्या दृष्टीने ही प्रगतीच आहे, वादच नाही. पण पूर्वी चूक झाल्यावर निस्तरता यायची, टेप तरी असायची. आता जी काही काळजी घ्यायची ती डिलीटच्या आधी. नंतर फक्त हळहळ.

आणखी एक विचित्र गोष्ट. फोनच्या मालकाला दुसऱ्याचं प्रोफाईल उघडून बघता येत नाही, त्याला पिन लागतो. पण ते पुसून टाकायला त्या माणसाचा पिन लागत नाही! बघायचा अधिकार नाही, मिटवायचा आहे.

म्हणून मी थांबलो होतो.

"आई, बाबांचा पिन?"

"स्कूटरचा नंबर," आई मान वर न करता म्हणाली.

उघडलं. आधी ठरवल्याप्रमाणे यादी केली. फोटो क्लाउडवर गेलेत का? काही गेले होते, काही नव्हते. व्हॉट्सॲपचा बॅकअप? त्याच प्रोफाईलमध्ये राहूनच घ्यावा लागतो, घेतला. बँकेचं किंवा ओटीपी देणारं एखादं ॲप? नव्हतं, असतं तर आधी ते दुसरीकडे हलवायला हवं. कॉल आणि एसएमएस तसेही दोघांचे सामायिक असतात, त्यांची चिंता नव्हती. गूगल खातं प्रोफाईलबरोबर मरत नाही, फक्त या फोनवरून निघतं, त्यामुळे पासवर्ड चालतोय ना ते लॅपटॉपवर तपासलं. मग डाउनलोड्स. मग रेकॉर्डर.

रेकॉर्डरमध्ये चौदा फायली होत्या. पहिली लावली. घसा खाकरल्याचा आवाज, आणि मग, "गच्चीवरच्या टाकीला दोन कॉक आहेत. डावीकडचा आपला. उजवीकडचा कधीही फिरवू नये." दुसरीत विम्याचे कागद कुठल्या फाइलमध्ये ते. तिसरीत गॅसवाल्याशी कसं बोलायचं ते. कुणाला काही न सांगता बाबा अख्ख्या घराचं डॉक्युमेंटेशन करून गेले होते. मी कोडला दोन ओळींची कमेंट लिहायचा कंटाळा करतो.

आईने भाजीचं ताट बाजूला ठेवलं होतं. सगळ्या चौदा ऐकल्या. नवव्या फाइलमध्ये मागून कुकरची शिट्टी ऐकू येते आणि आई कुणाला तरी हाक मारते. मलाच असावी.

सगळं ड्राइव्हवर चढवलं, लॅपटॉपवर उतरवून प्रत्येक फाइल खरंच वाजते का ते पाहिलं, एक प्रत पेनड्राइव्हवर घेतली. बॅकअप उघडून पाहिल्याशिवाय तो बॅकअप नसतो, हे २००५ चं शिक्षण. मग आईच्या प्रोफाईलमध्ये परत आलो आणि फोन तिच्या हातात दिला. मालक ती होती.

तिने क्षणभर ते गोल चित्र पाहिलं आणि डिलीट दाबलं. नऊ जीबी मोकळे झाले.

"चल, आता टाकीचा कॉक बघून ये," ती म्हणाली, "डावीकडचा."