कालव्याने बोलावलेला ऊस

श्रीरामपूर तालुक्यात वर्षाला सरासरी जेमतेम पाचशे मिलिमीटर पाऊस पडतो आणि उसाला त्याच्या किमान चारपट पाणी लागते. हे अंतर दाखवून शेतकऱ्याच्या हव्यासाला दोष देण्याची रीत आहे. ती मला अन्यायाची वाटते. दुष्काळात ज्वारी-बाजरी तगावी म्हणून प्रवरेवर भंडारदरा धरण बांधले गेले (ते 1926 साली पूर्ण झाले) आणि ओझरच्या बंधाऱ्यातून कालवे निघाले. पण पाऊस बरा झाला की बाजरीसाठी पाण्याचा अर्ज कोण करणार? वर्षभर पाणी घेऊन पट्टी भरणारे पीक हवे होते, ते ऊस. बेलापूर कंपनीने हरेगावला मळे आणि कारखाना उभारला तो याच पाण्याच्या भरवशावर. ऊस इथे वाट चुकून आलेला नाही, कालव्याचा खर्च भरून काढायला त्याला बोलावले गेले.

मात्र त्या बोलावण्याला मर्यादाही होती. विश्वेश्वरय्यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी नीरा कालव्यासाठी मांडलेल्या ब्लॉक पद्धतीत ऊस गटाच्या काही भागातच घ्यायचा आणि उरलेल्या जमिनीत हंगामी पिके फिरवायची, असा नेम होता. दख्खनच्या कालव्यांवर पाणथळ आणि खारवट जमिनींचा त्रास दिसू लागला होता, म्हणून ही फेरपालट जमिनीच्याही भल्याची होती. पुढे ती शिस्त सैल झाली. खरे नुकसान तिथे झाले, ऊस लावण्यात नव्हे.

यावर आक्षेप येतो की उसानेच सहकारी कारखाने दिले, शाळा-महाविद्यालये दिली, कर्जबाजारी कुटुंबे सावरली. ते खरे आहे आणि ते नाकारून पाण्याची चर्चा होऊच नये. आडसाली ऊस दोन पावसाळे पाहतो, म्हणून तो पावसाचाही लाभ घेतो, हेही खरे. पण त्याची लागण जुलै-ऑगस्टमध्ये होते, धरण किती भरणार हे पुरते कळण्याआधी. मधल्या उन्हाळ्यातल्या आवर्तनांचे वचन शेतकरी आधीच गृहीत धरतो. पाऊस कमी पडला की ते वचन मोडते, विहिरी उपसल्या जातात. 2005 च्या जलसंपत्ती नियमन कायद्यानंतर टंचाईच्या वर्षी वरच्या धरणांतून गोदावरीवरच्या जायकवाडी धरणाला पाणी सोडावे लागते, तेव्हा हा तुटवडा आणखी जाणवतो. ब्लॉक पद्धतीतला तोच नेम आज ऑक्टोबरमधला धरणसाठा पाहून क्षेत्र ठरवण्यासाठी वापरता येईल, आणि उरलेल्या रानात ज्वारी-हरभऱ्याला एक-दोन पाळ्या पुरतात.