शिकलगारांची जुनी ऐरण
सातारा-सांगलीत शिकलगार आडनावाची मुस्लिम घरे बरीच आहेत. मूळ अरबी शब्द सैकल, म्हणजे शस्त्र घासून चकाकी आणणे. १९व्या शतकात शस्त्रांचे काम घटले, तेव्हा मिरजेचे फरीदसाहेब शिकलगार वाद्यदुरुस्तीकडे आणि पुढे सतारी घडवण्याकडे वळले. धंदा गेला, हातातले कसब राहिले.

आज कुणी लोहारकाम शिकू लागला, की आधी जुनी झिजलेली ऐरण घासून सपाट करायला निघतो. तसे करू नये. अनेक जुन्या ऐरणींत नरम लोखंडावर कडक पोलादाचा थर बसवलेला असतो. घासल्याने तो पातळ होतो, वेल्डिंगच्या उष्णतेने नरम पडतो. गेलेला थर नवशिक्याला परत आणता येत नाही. मधल्या सपाट जागेवर ठोकावे, झिजलेल्या गोल कडेवर लोखंड वाकवावे. आधी हात बसू द्या. ऐरण तोवर पुरते.