यकृत् रोगविषयक समीक्षालेख

यकृत् रोगविषयक समीक्षालेख : यकृत् व पित्तमार्ग यांच्या रोगांसंबंधी अन्यत्र प्रसिद्ध झालेल्या संशोधनाचे संकलन, तुलना व मूल्यमापन करणारे वैद्यकीय नियतकालिकांतील लेख. संशोधनलेखात लेखक स्वतःचे प्रयोग वा निरीक्षणे मांडतो. समीक्षालेखात बहुधा नवे प्रयोग नसतात. तथापि प्रत्येक मूळ लेख वाचणे वैद्याला शक्य नसल्याने प्रत्यक्ष रुग्णोपचारावर समीक्षालेखांचा मोठा प्रभाव पडतो. त्यामुळे ते कोणी व कोणत्या पद्धतीने लिहावेत, हा प्रश्न महत्त्वाचा ठरला.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात यकृत् रोगांचा विचार मुख्यत्वे पचन तंत्राच्या रोगांबरोबरच होत असे. १९५० मध्ये शिकागो येथे ‘अमेरिकन असोसिएशन फॉर द स्टडी ऑफ लिव्हर डिसीझेस’ ही संस्था स्थापन झाली. ब्रिटिश वैद्य शीला शेरलॉक यांचा यकृत् व पित्तमार्ग यांच्या रोगांवरील ग्रंथ १९५५ मध्ये निघाला. हान्स पॉपर (१९०३–८८) व फेंटन शाफ्नर यांनी १९६१ मध्ये ‘प्रोग्रेस इन लिव्हर डिसीझेस’ या मालेचा पहिला खंड संपादित केला. अशा खंडांत संपादक नामवंत तज्ज्ञास निमंत्रण देत व तो स्वतःच्या अनुभवानुसार पुराव्याची निवड करी. लेखाचे प्रामाण्य लेखकाच्या अधिकारावर अवलंबून असे.

या पद्धतीच्या मर्यादा शस्त्रक्रियेच्या एका प्रश्नावरून स्पष्ट झाल्या. यकृत् सूत्रण रोगात (सिऱ्होसिसमध्ये) प्रवेशिका नीलेतील (आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतील) दाब वाढून अन्ननलिकेच्या फुगलेल्या शिरांतून जीवघेणा रक्तस्राव होतो. ही नीला अधोमहानीलेस जोडण्याची क्रिया एन्. व्ही. एक यांनी १८७७ मध्ये कुत्र्यावर केली होती. १९४५ नंतर ए. ओ. व्हिपल व त्यांच्या सहकाऱ्यांच्या कार्यामुळे ती मानवी रुग्णांत रूढ झाली. तिच्यासंबंधी प्रसिद्ध झालेल्या ५१ अभ्यासांचे वर्गीकरण एन्. डी. ग्रेस, एच्. म्यूंच व टी. सी. चामर्स यांनी १९६६ मध्ये ‘गॅस्ट्रोएंटेरॉलॉजी’ या नियतकालिकात मांडले. तुलनेसाठी दुसरा गट नसलेल्या ३२ अभ्यासांपैकी २४ अभ्यासांत शस्त्रक्रियेबद्दल तीव्र उत्साह होता. तुलनागट असलेल्या, परंतु रुग्णांची यदृच्छ (चिठ्ठ्या टाकाव्यात तशी) विभागणी न केलेल्या १५ पैकी १० अभ्यासांत तो आढळला. यदृच्छ विभागणी केलेल्या चारांपैकी एकातही आढळला नाही. पुढील चाचण्यांतून असे दिसले की, शस्त्रक्रियेने रक्तस्राव कमी होतो. पण आयुर्मान निश्चितपणे वाढत नाही आणि यकृताच्या अकार्यक्षमतेमुळे होणाऱ्या मेंदूविकाराचा धोका वाढतो. जुने अभ्यास नुसते एकत्र मांडणे पुरेसे नसून त्यांची रचना तपासणे आवश्यक आहे, हा या समीक्षेचा धडा होय.

ब्लूमबर्ग यांनी १९६५ मध्ये ऑस्ट्रेलिया प्रतिजनाचा शोध प्रसिद्ध केल्यानंतर व्हायरसजन्य यकृत् शोथाविषयीचे संशोधन झपाट्याने वाढले [⟶ कावीळ]. १९८१ मध्ये अमेरिकन संस्थेचे ‘हेपॅटॉलॉजी’ हे नियतकालिक अर्विन एरिअस यांच्या संपादकत्वाखाली सुरू झाले. त्याच वर्षी निघालेले ‘सेमिनार्स इन लिव्हर डिसीझ’ हे पॉल बर्क यांच्या संपादकत्वाखालील त्रैमासिक समीक्षालेखांसाठीच होते. त्याचा प्रत्येक अंक एका विषयाला वाहिलेला असे. यूरोपीय संस्थेचे (स्थापना १९६६) ‘जर्नल ऑफ हेपॅटॉलॉजी’ १९८५ मध्ये सुरू झाले.

सिंथिया मल्रो यांनी १९८७ मध्ये चार प्रमुख वैद्यकीय नियतकालिकांतील ५० समीक्षालेख आठ निकषांवर तपासले. एकही लेख सर्व निकषांस उतरला नाही. माहिती कशी शोधली हे केवळ एकाच लेखात स्पष्ट केले होते. यानंतर पद्धतशीर समीक्षेला महत्त्व आले. तीत प्रश्न, शोधाचे मार्ग व निवडीचे निकष आधी ठरवून जाहीर करतात. शक्य असल्यास निरनिराळ्या चाचण्यांतील आकडे सांख्यिकीय रीतीने एकत्र करतात. १९९६ मध्ये कोपनहेगन येथे कॉक्रन संघटनेचा यकृत् व पित्तमार्ग यांविषयीचा गट स्थापन झाला.

पद्धत जाहीर केल्याने मतभेद संपले नाहीत. प्रायमरी बिलिअरी सिऱ्होसिस (२०१५ नंतरचे नाव प्रायमरी बिलिअरी कोलँजायटिस) या रोगावरील अर्सोडीऑक्सिकोलिक अम्लाविषयी पूपाँ व सहकाऱ्यांनी १९९७ मध्ये तीन चाचण्यांतील ५४८ रुग्णांची माहिती एकत्र करून प्रतिरोपणाविना जगण्याचा काळ वाढतो, असा निष्कर्ष काढला. उलट गूलिस व सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये ११ चाचण्या एकत्र केल्या, तेव्हा मृत्यूंच्या प्रमाणात फरक दिसला नाही. चाचण्यांची निवड, औषधाची मात्रा व निरीक्षणाचा काळ यांवर हा वाद केंद्रित झाला. मात्र दोन्ही लेखांत निवड उघड असल्याने वाचकाला मतभेदाचे मूळ तपासता आले.

निमंत्रित तज्ज्ञाचे वर्णनात्मक लेख आजही प्रसिद्ध होतात. रोगाची कारणमीमांसा व विखुरलेल्या कल्पनांची संगती लावण्यासाठी ते उपयुक्त आहेत. तथापि त्यांचीही समकक्ष तज्ज्ञांकडून छाननी होते आणि औषध कंपन्यांशी असलेले आर्थिक संबंध लेखकास जाहीर करावे लागतात. भारतात १९९२ मध्ये स्थापन झालेल्या ‘इंडियन नॅशनल असोसिएशन फॉर स्टडी ऑफ द लिव्हर’ या संस्थेने २०११ पासून ‘जर्नल ऑफ क्लिनिकल अँड एक्स्पेरिमेंटल हेपॅटॉलॉजी’ हे नियतकालिक चालविले असून त्यातही समीक्षालेखांना स्थान आहे.