काळा आजार

लीशमॅनिया डोनोव्हानी या आदिजीवामुळे (एककोशिक परजीवी प्राण्यामुळे) होणारा, दीर्घकाळ टिकणारा आणि उपचार न झाल्यास बहुधा मारक ठरणारा संसर्गजन्य रोग. अनियमित ज्वर, प्लीहा (पानथरी) व यकृत यांची मोठी वाढ, रक्तक्षय आणि झपाट्याने येणारी कृशता ही त्याची प्रमुख लक्षणे होत. पुष्कळ रुग्णांच्या चेहऱ्याची, हातापायांची व पोटाची त्वचा काळवंडते. त्यावरून आसामकडे त्याला ‘काला आझार’ असे नाव पडले व तेच पुढे वैद्यकात सर्वत्र रूढ झाले. या नावातील मूळचा फार्सी ‘आजार’ हा शब्द मराठीतही त्याच अर्थाने वापरतात.

परजीवीचे जीवनचक्र दोन पोषकांत पूर्ण होते. माणसाच्या शरीरात तो गोल अथवा अंडाकृती, कशाभिका (चाबकासारखा तंतू) बाहेर न आलेला आणि २ ते ४ मायक्रॉन आकारमानाचा असतो. प्लीहा, यकृत व अस्थिमज्जा यांतील महाभक्षी कोशिकांमध्ये तो राहतो. बाहेरून आलेल्या जंतूंना गिळून नष्ट करणे हे या कोशिकांचे काम. परंतु हा परजीवी त्यांच्यातच विभाजनाने वाढतो, कोशिका फुटते आणि सुटलेले परजीवी नव्या कोशिकांत शिरतात. रोगाचा चिवटपणा आणि प्लीहेची प्रचंड वाढ ही दोन्ही यातूनच उद्भवतात. रक्तातील पांढऱ्या कोशिकांची संख्या घटत असल्याने रोगी पुष्कळदा मूळ रोगाने न मरता फुप्फुसदाह, आमांश यांसारख्या वरून जडलेल्या विकारांनी दगावतो. फ्लेबोटोमस अर्जेंटिपीस या वालुमक्षिकेची मादी रुग्णाचे रक्त शोषते, तेव्हा परजीवी तिच्या आतड्यात जातात. तेथे ते लांबट व कशाभिकायुक्त होऊन वाढतात आणि तिच्या पुढील दंशाबरोबर दुसऱ्या माणसाच्या शरीरात उतरतात. आज चार वाक्यांत सांगता येणारी ही हकिकत उलगडण्यास परजीवीच्या शोधानंतरही सुमारे चाळीस वर्षे लागली.

जेसोर जिल्ह्यात (आता बांगला देशात) १८२४-२५ मध्ये आलेली ज्वराची साथ ही या रोगाची पहिली ज्ञात साथ मानली जाते. बंगालमध्ये १८६० नंतर पसरलेल्या ‘बरद्वान ज्वरा’तही त्याचा मोठा वाटा असावा, असे नंतरच्या संशोधकांचे मत आहे. मात्र त्या काळी प्लीहा वाढविणारा प्रत्येक ज्वर हिवतापच समजला जात असल्याने या साथींची नेमकी विभागणी करणे आता शक्य नाही. ‘काला आझार’ हे नाव सरकारी कागदपत्रांत प्रथम १८८२ च्या सुमारास, गारो टेकड्यांतील तुरा येथील वैद्यकीय अधिकाऱ्याच्या निवेदनामुळे आले. गारो लोक त्याला ‘सरकारी बेमारी’ही म्हणत. इंग्रजांचा अंमल आणि हा रोग त्यांच्या प्रदेशात एकापाठोपाठ आले होते, हे ध्यानात घेता या नावात केवळ भाबडेपणा पाहणे योग्य होणार नाही. रस्ते, बाजार व मजुरांची ये-जा यांबरोबर रोग सरकत होता, हे निरीक्षण त्यात आहे.

टेकड्यांच्या पायथ्यापासून रोग ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यात गोआलपाडा, कामरूप व नौगाव असा पूर्वेकडे सरकत गेला. इतर ज्वरांच्या साथींप्रमाणे तो एका मोसमात येऊन ओसरत नसे. एका गावात तो वर्षानुवर्षे ठाण मांडी आणि घरेच्या घरे रिकामी करून मग पुढच्या गावाकडे वळे. नौगाव जिल्ह्याची लोकसंख्या १८९१ च्या जनगणनेत सुमारे ३ लाख ४७ हजार होती. ती १९०१ मध्ये सुमारे २ लाख ६१ हजारांवर आली. या घटीला इतरही कारणे होती, तथापि तिचे मुख्य कारण काळा आजार हेच होते.

या अनर्थाची चौकशी करण्यास एकामागून एक तज्ञ आले आणि प्रत्येकाने वेगळे निदान केले. जी. एम. जाइल्स यांना १८९० च्या सुमारास रुग्णांच्या विष्ठेत अंकुशकृमीची अंडी आढळली व त्यांनी कृमींनाच कारण ठरविले. पुढे डॉबसन यांनी धडधाकट मजुरांची तपासणी केली, तेव्हा त्यांच्यातही बहुतेकांच्या पोटात तेच कृमी निघाले आणि हे मत बाजूला पडले. लेनर्ड रॉजर्स यांनी १८९७ मध्ये हा हिवतापाचाच तीव्र प्रकार असल्याचे प्रतिपादन केले. हिवताप व डास यांचा संबंध नुकताच सिद्ध केलेले रोनाल्ड रॉस यांनीही १८९९ मध्ये त्याला पुष्टी दिली. चार्ल्स बेंटली यांना १९०२ मध्ये तो माल्टा ज्वर वाटला. क्विनीन देऊनही गुण येत नाही, ही हिवताप मतातील उघड अडचण होती. परंतु ती औषधाच्या मात्रेवर ढकलली गेली.

रॉजर्स यांचे निदान चुकले असले, तरी त्यांनी सुचविलेला प्रतिबंधक उपाय बरोबर ठरला. नौगावकडील चहाच्या मळ्यांत डॉड्स प्राइस यांच्या साह्याने त्यांनी रोगग्रस्त वस्त्यांतील निरोगी मजुरांना काही शे यार्डांवर नव्याने बांधलेल्या वस्त्यांत हलविले. जुन्या वस्तीत माणसे मरत असताना नव्या वस्त्या रोगमुक्त राहिल्या. असे का होते, हे तेव्हा कोणालाही सांगता आले नाही. वालुमक्षिका दुबळी असून फार दूर उडत नाही, हे त्याचे कारण नंतर लक्षात आले. मळ्यांतील मजूर हे मालकांच्या दृष्टीने भांडवल होते, म्हणून त्यांच्यासाठी नव्या वस्त्या उभ्या राहिल्या. आसपासच्या खेड्यांतील शेतकऱ्यांसाठी तसे काही घडले नाही.

परजीवीचा शोध १९०३ मध्ये एकाच वेळी दोन ठिकाणी प्रसिद्ध झाला. कलकत्त्याजवळच्या डमडम छावणीत ज्वर जडलेला एक सैनिक १९०० मध्ये इंग्लंडमधील नेटली येथील लष्करी रुग्णालयात मरण पावला. त्याच्या प्लीहेत विल्यम लीशमन यांना सूक्ष्म अंडाकृती पिंड दिसले होते. ते ट्रिपॅनोसोम या परजीवीचे विघटित अवशेष असावेत, अशी शंका व्यक्त करून त्यांनी मे १९०३ मध्ये ते वर्णन छापले. मद्रास येथील चार्ल्स डोनोव्हान यांनी तेच पिंड शवविच्छेदनात पाहिले होते. जून १९०३ मध्ये जिवंत रुग्णाच्या प्लीहेतून सुईने काढलेल्या द्रवातही त्यांना ते आढळले. त्यामुळे ते मृत्यूनंतर होणाऱ्या विघटनाचे फलित नाहीत, हे निश्चित झाले. श्रेयाबद्दल वाद होण्याचा संभव होता. रॉस यांनी त्याच वर्षी प्रजातीस एकाचे व जातीस दुसऱ्याचे नाव देऊन तो मिटविला. पुढच्याच वर्षी रॉजर्स यांनी कलकत्त्यास प्लीहेतील रक्त सुमारे २२° से. तपमानात ठेवले असता परजीवीला कशाभिका फुटल्याचे त्यांना दिसले. माणसाच्या शरीराहून थंड अशा एखाद्या कीटकात हा प्राणी राहत असला पाहिजे, असे त्यावरून दिसू लागले.

पण कोणत्या कीटकात? मद्रासमध्ये डब्ल्यू. एस. पॅटन यांना १९०७ मध्ये ढेकणाच्या पोटात परजीवीचा विकास होताना दिसला आणि पुढील अनेक वर्षे ढेकणावरच खर्ची पडली. ढेकूण चावून रोग मात्र कधीच झाला नाही. जॉन सिंटन यांनी १९२४ च्या सुमारास रोगाचे क्षेत्र आणि फ्ले. अर्जेंटिपीस हिचे प्रसारक्षेत्र ही एकमेकांशी जुळतात, असे दाखविले. त्याच सुमारास कलकत्त्याच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेत नोल्स, नेपिअर व स्मिथ यांनी रुग्णांचे रक्त प्यालेल्या वालुमक्षिकांत कशाभिकायुक्त परजीवी वाढताना पाहिले. आसामात काम करणाऱ्या काळा आजार आयोगाने याला दुजोरा दिला. तरीही निर्णायक पुरावा हाती येत नव्हता. एकदा रक्त पाजलेल्या माशा दुसऱ्यांदा चावण्यापूर्वीच मरत, किंवा चावूनही काही होत नसे. हॅम्स्टर या प्राण्यात १९३१ मध्ये एकदा रोगसंक्रमण साधले, परंतु ते पुन:पुन्हा घडवून आणता येईना.

ही कोंडी मनुकांनी फोडली. रुग्णाचे रक्त पाजल्यानंतर माशांना पुन्हा रक्त न देता मनुकांच्या रसावर ठेवले, तर त्या अधिक जगतात आणि परजीवी इतके वाढतात की माशीचा घसाच बुजून जातो, असे स्मिथ, हलदर व अहमद यांना १९४० च्या सुमारास आढळले. अशी माशी रक्त ओढू पाहते, तेव्हा अडकलेले परजीवी दंशाच्या जागी सांडतात. निसर्गात वालुमक्षिका वनस्पतींचा गोड रस शोषते. प्रयोगशाळेत तिला वारंवार रक्त पाजणे हीच चूक होत होती. ही युक्ती वापरून स्वामिनाथ, शॉर्ट व अँडरसन यांनी आसामात केलेल्या प्रयोगांत पाच स्वयंसेवकांना केवळ माशीच्या दंशाने रोग झाला (१९४२). तोवर त्यावर खात्रीचे औषध उपलब्ध होते, म्हणूनच असा प्रयोग करता आला.

ते औषध उपेंद्रनाथ ब्रह्मचारी (१८७३–१९४६) यांचे. अँटिमनीचे टार्टारयुक्त लवण काळ्या आजारावर १९१५ पासून शिरेतून दिले जात होते. परंतु ते विषारी होते, उपचार महिनोन्‌महिने चाले आणि रुग्ण तो अर्धवट सोडून देत. कलकत्त्याच्या कॅम्बेल रुग्णालयातील एका लहानशा खोलीत, जेथे इंधन वायू वा नळाचे पाणी नव्हते, कंदिलाच्या उजेडात काम करून ब्रह्मचारींनी १९२० मध्ये यूरिया स्टिबामाइन हे संयुग बनविले व १९२२ मध्ये रुग्णांवरील अनुभव प्रसिद्ध केला. उपचार दोन-तीन आठवड्यांत पूर्ण होऊ लागला. उपचाराविना शेकडा नव्वदांवर असणारे मृत्युमान शेकडा दहाच्या आसपास आले. बऱ्या झालेल्या काही रुग्णांच्या त्वचेवर पुढे फिकट चट्टे व गाठी उठतात आणि त्यांत परजीवी असतात, हेही त्यांनीच १९२२ मध्ये दाखविले. या दुसऱ्या शोधाचे महत्त्व ओळखण्यास मात्र फार काळ जावा लागला.

राष्ट्रीय हिवताप मोहिमेत १९५० नंतर घरोघर डीडीटी फवारले गेले, तेव्हा डासांबरोबर वालुमक्षिकाही मेल्या व १९६५ च्या सुमारास काळा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. त्याच्यासाठी कोणी वेगळी मोहीम आखली नव्हती. त्यामुळे फवारणी थांबताना त्याचा विचारही झाला नाही. त्वचेवर चट्टे असलेले जुने रुग्ण खेड्यांत तसेच होते. ज्वर नसल्याने ते उपचारास येत नव्हते. ओलसर मातीच्या भिंती आणि घराला लागून असलेला गोठा यांत वालुमक्षिकांची पैदास पुन्हा वाढली आणि उत्तर बिहारमध्ये १९७७ मध्ये मोठी साथ उसळली. मुसहरांसारख्या भूमिहीन मजुरांच्या वस्त्यांना तिची सर्वाधिक झळ पोहोचली. देशात १९९२ मध्ये ७७,१०२ रुग्ण व १,४१९ मृत्यू नोंदले गेले. प्रत्यक्ष आकडे याहून मोठे असणार. दरम्यान अँटिमनीची औषधे निकामी होत चालली होती. मुझफ्फरपूर भागात निम्म्याहून अधिक रुग्णांना त्यांचा गुण येईना. पुढे मिल्टेफोसीन हे पोटात घ्यावयाचे पहिले औषध (२००२) आणि शिरेतून एकदाच द्यावयाचे मेदवेष्टित अँफोटेरिसीन बी (२०१०) ही उपलब्ध झाल्याने परिस्थिती पालटली.

भूमध्य सागरी प्रदेशातील अशाच रोगाचा साठा कुत्र्यांत असतो. भारतीय उपखंडातील काळ्या आजाराचा परजीवी मात्र माणसातच टिकून राहतो. त्यामुळे रुग्ण बरे केले व माशी आटोक्यात ठेवली, तर रोगाचे निर्मूलन शक्य आहे, या आधारावर भारत, बांगला देश व नेपाळ यांनी २००५ मध्ये संयुक्त करार केला. दर दहा हजार लोकसंख्येमागे वर्षाला एकाहून कमी रुग्ण, हे उद्दिष्ट त्यात ठरले. डीडीटीला माशी दाद देईनाशी झाल्यावर दुसरी कीटकनाशके वापरात आली. ते उद्दिष्ट गाठल्याची जागतिक आरोग्य संघटनेची मान्यता बांगला देशाला २०२३ मध्ये मिळाली. भारतातील सर्व प्रभावित तालुक्यांतही प्रमाण त्याच वर्षी मर्यादेखाली आले. बिहारमधील प्रयोगशाळेत वाढविलेल्या वालुमक्षिका निरनिराळ्या व्यक्तींना चाववून केलेल्या तपासणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. संसर्ग असूनही लक्षणे नसलेल्या माणसांकडून माशीला परजीवी मिळाले नाहीत. ज्वराच्या रुग्णांकडून ते मिळाले, आणि ब्रह्मचारींनी वर्णिलेल्या त्वचेवरील चट्ट्यांच्या, स्वतःला निरोगी समजणाऱ्या रुग्णांकडूनही मिळाले.