मदत आणि मौन

समाजकार्यास पेशाचे रूप आपल्याकडे उशिरा आले. मुंबईस १९३६ साली सर दोराबजी टाटा यांच्या नावाने त्याचे शिक्षण देणारी संस्था निघाली; अमेरिकेतील समाजकार्यकर्त्यांच्या राष्ट्रीय संघाने आपली आचारसंहिता संमत केली ती १९६० साली. मदत घेणाऱ्याचे गुपित राखावे आणि त्याच्या आयुष्याचा निर्णय त्यासच करू द्यावा, ही बंधने अशा संहितांत आज सर्वत्र आढळतात. पुण्यात ती पुष्कळ आधी पाळली गेली होती, याचे स्मरण ज्ञातिबांधवांस व भगिनींस द्यावेसे आम्हांस वाटते.

१८५६ च्या कायद्याने विधवेचा पुनर्विवाह वैध ठरला, तरी रूढी ढळली नाही. उच्चवर्णीय बालविधवेस दिवस गेले की तिच्यापुढे गर्भपात, बालहत्या वा आत्मघात याखेरीज मार्ग क्वचितच उरे. ज्याच्यामुळे ही वेळ आली तो पुरुष मात्र बहुधा उजळ माथ्याने वावरे. जोतीराव व सावित्रीबाई फुले यांनी १८६३ साली आपल्याच घरी बालहत्या प्रतिबंधक गृह उघडले व शहरात भित्तिपत्रके लावली. त्यांचा आशय असा की, विधवेने येथे येऊन गुप्तपणे बाळंत व्हावे, आणि मूल न्यावे की ठेवावे हे तिने आपल्या खुशीने ठरवावे. बंधन होते ते मदत करणाऱ्यावर, आलेल्या स्त्रीवर नव्हे! १८७५ साली पंढरपुरासही असे गृह निघाले.

१८८४ पर्यंत फुल्यांच्या घरी पस्तीस विधवा येऊन गेल्या. त्यांपैकी एकीचा मुलगा यशवंत यास त्या दांपत्याने दत्तक घेतले. बहुतेकींची नावे आज कोणास ठाऊक नाहीत. इतिहास लिहिणाऱ्यास नावे हवी असतात. येथे ती न मिळणे हाच आम्ही त्या कार्याच्या सचोटीचा पुरावा मानतो.

आता आपल्या ज्ञातिसंस्थांचे अहवाल पाहा. देणगीदारांची यादी असते, ती योग्यच. परंतु पाठोपाठ शिष्यवृत्ती घेणाऱ्या मुलांची व साहाय्य मिळालेल्या निराधार भगिनींची नावे गाव व रकमेसह छापली जातात. पैसा कोठे गेला हे दात्यास कळावे, हा हेतू प्रामाणिक आहे. त्यासाठी हिशेबतपासनिसाने नावे पडताळावीत. छापील पानावर संख्या व एकूण रक्कम पुरेशी आहे. ज्ञाती लहान असते, आणि मुलीचे स्थळ पाहताना जुन्या स्मरणिका चाळणारी घरे आमच्या पाहण्यात आहेत.