पुंडपाळेगारांचं कूळ

मेट्टुपाळयमच्या फलाटावर उटीच्या छोट्या गाडीची वाट बघत बसलो होतो. समोरच्या पाटीवरच्या 'पाळयम'वर नजर अडली. आपल्या 'पुंडपाळेगारा'तला पाळेगार इथलाच तर नव्हे?

इथलाच. तमिळमध्ये पाळयम म्हणजे लष्कराचा तळ. पुढे त्या फौजेच्या खर्चासाठी तोडून दिलेला मुलूखही. तो सांभाळणारा 'पाळयक्कारर'. सोळाव्या शतकात मदुरैच्या नायकांनी असे ७२ पाळयम नेमले, असं परंपरा सांगते.

'पाळेगार म्हणजे पाळत ठेवणारा' अशीही एक व्युत्पत्ती मी ऐकली आहे. ती अगदीच टाकाऊ नाही. गावांची राखण हे पाळेगारांचं कामच होतं आणि त्याबद्दल ते 'कावल' नावाचा हक्क घेत. शिवाय गुन्हेगारातला फारसी 'गार' शेवटी जोडायला तयारच! पण शेजारच्या भाषा बघा. तमिळ पाळयक्कारर, तेलुगू पाळेगाडु, कन्नड पाळेगार. मराठी रूप कन्नडशी अक्षर न् अक्षर जुळतं. म्हणजे 'गार' फारसी नव्हे, कानडी. माझ्या मते शहाजीराजांच्या बंगळूरच्या जहागिरीत हा शब्द मराठी कारकुनांच्या लेखणीत शिरला असणार. मागे 'पुंड' का आला, हेही मग उलगडतं: वसुलीला आलेल्याच्या नजरेत पैसा अडवणारा पुंडच.

ईस्ट इंडिया कंपनीची नजरही तीच. १७९२च्या करारात अर्काटच्या नवाबाकडून पाळेगारांची खंडणी वसूल करण्याचा हक्क तिने मिळवला. पांचालंकुरिचीचा पाळेगार वीरपांड्य कट्टबोम्मन याची खंडणी थकली, तेव्हा कलेक्टर जॅक्सनने त्याला बोलावणं धाडलं. भेटीसाठी तो गावोगाव साहेबाच्या मागे फिरला. अखेर सप्टेंबर १७९८मध्ये रामनाथपुरमला गाठ पडली, तिथे चकमक झाली आणि लेफ्टनंट क्लार्क मारला गेला. पुढच्या वर्षी मेजर बॅनरमनची फौज पांचालंकुरिचीवर चालून आली. १६ ऑक्टोबर १७९९ रोजी कयत्तारला, बाकीच्या पाळेगारांच्या देखत, कट्टबोम्मनला चिंचेच्या झाडावर फाशी दिलं. १८०१मध्ये त्याचा भाऊ ऊमैत्तुरै पुन्हा लढला. तोही फासावर गेला आणि पांचालंकुरिचीचा किल्ला जमीनदोस्त झाला.

तमिळनाडूतल्या शाळेत मुलं या लढाया पाळेगारांच्या नावानेच शिकतात. तिथे त्या नावामागे कुणी 'पुंड' लावत नाही.